निळ्या चिटाचा तागा

लोकांना दिवाळीत फराळाचं अजीर्ण होतं, मला लहानपणी मायेचं व्हायचं. आता वय झालंय, तोंडाला लगाम राहिलेला नाही, म्हणून सांगून टाकते. माझ्या गावाने मला पोसलं, नेसवलं, उजवलं, आणि मला त्या गावाचा इतका राग यायचा की मी रात्री दात खात झोपायची. सकाळी उठून पुन्हा सगळ्यांच्या पाया पडायची.

मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. आठवड्याच्या आत आमची माय गेली आणि पाठोपाठ बाप गेला. मागे मी उरले आणि माझी बहीण, अंगावर पिणारी. अशी उघडी पडलेली लेकरं गावात आणखीही होती. आजूबाजूच्या गावांनी आपली पोरं लांब कुठेकुठे अनाथाश्रमांत धाडली. आमच्या गावाला ते नाक कापल्यासारखं वाटलं. मारुतीच्या पारावर चार कर्ती माणसं बसली आणि ठरलं, गावचं लेकरू गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण आमच्याकडे लोक छाती फुगवून म्हणत. आणि खोटं कशाला बोलू, गावाने करून दाखवलं.

मला एका कास्तकाराच्या घरी ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दोघांना मी काका-काकी म्हणायची. काकी अंगाने दांडगी, बोलायला कडक, पण पहिल्या दिवसापासून तिने मला आपल्या कुशीत झोपवलं. बहिणीचं मात्र अवघड होतं. तिला दूध हवं होतं आणि गावातल्या ज्या बाया अंगावर पाजत होत्या त्या स्वतःच आजारातून जेमतेम उठलेल्या. तेव्हा कोणीतरी बातमी आणली की जऊळक्याच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा जो माणूस आहे, त्याच्या बायकोचं तान्हं नुकतंच गेलंय. बहिणीला तिच्याकडे दिली. दुधापुरती दिली, असा शब्द होता. दूध सुटलं की परत आणायची.

दूध सुटलं तेव्हा गावची म्हातारी माणसं बंडी जुंपून तिला आणायला गेली. त्या सांधेवाल्याच्या बायकोने त्यांना गुळाचा चहा पाजला आणि दारात बसून अशी रडली की हे सगळे पागोटी सावरत रिकाम्या बंडीने परत आले. गावाने पोरीवरचा हक्क सोडला, पण तिचा वाटा सोडला नाही. तो वाटा म्हणजे काय, ते आता सांगते.

दिवाळीच्या आधी गाव आमच्यासाठी चिटाचा एक तागा घ्यायचं. एकच तागा. त्यातून पोरींचे परकर-पोलकी, पोरांचे सदरे. शिंपी शिलाई घ्यायचा नाही, तो त्याचा वाटा. तेल एका घरचं, उटणं दुसऱ्या घरचं, करंज्या तिसऱ्या. कापड नेहमी निळं आणि त्यावर पिवळे ठिपके, कारण पहिल्या वर्षी तसं मिळालं आणि मग ती रीतच पडली. ठिपके असे ठसठशीत की माळाच्या पलीकडून माणूस ओळखायचा. आम्हाला नावं होती, पण ती कोण लक्षात ठेवतो? आम्ही ताग्याची लेकरं.

चतुर्दशीच्या पहाटेची तर गंमतच. अनाथाला पहिली आंघोळ घातली की पुण्य, असं कोणीतरी कीर्तनात ऐकून आलं होतं. मग काय, पहिली आंघोळ आमच्याच घरी, म्हणून बायांची ओढाताण. तोडगा असा निघाला की सगळ्यांनीच घालावी आणि सगळ्यांनीच ती पहिली समजावी. एका न्हाणीतून कुडकुडत निघालं की दुसरीत. उटण्याने अंग सोलून निघायचं. एका बाईने मला तेल लावता लावता म्हटलं होतं, "माय मरो पन मावशी जगो, म्हनतात ते खोटं नाई, पोरी." मला मावशी नव्हती. आणि माय मरो असं लेकराच्या तोंडावर म्हणायचं असतं का? पण डोळ्यात तेल गेलेलं, दोन्ही हात तिच्या मुठीत. बोलणार काय?

पाडव्याला आम्हाला देवळात ओळीने बसवायचे. आरतीला सारं गाव यायचं आणि आमच्याकडे पाहायचं. बाया वाकून परकराचा काठ चिमटीत धरायच्या, कापड चोळून बघायच्या. ज्यांनी काहीच दिलेलं नसे त्या सगळ्यांत जास्त वेळ चोळायच्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार. आणि भाऊबीजेला आम्हा पोरींनी ताट घेऊन देणाऱ्या घरच्या मुलांना ओवाळत फिरायचं. लोक प्रेमाने करायचे. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण तोच तर माझा घोळ होता. कोणी मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर मी ओरडले असते. ताटात लाडू वाढणाऱ्यावर ओरडायचं कसं?

बहिणीचा परकरही त्याच ताग्यातून निघायचा. काका सरकी-ढेप आणायला जऊळक्याला निघाले की कधीमधी मला बंडीत घ्यायचे. तेच आमचं भेटणं. ती सांधेवाल्याच्या खोलीच्या उंबऱ्यात बसलेली असायची. मला चेहऱ्याने ती ओळखत होती की नाही, देव जाणे. माझा परकर दिसला की धावत यायची. आपल्या ठिपक्यावर बोट ठेवायची, मग माझ्या. "हे माहं, हे तुहं. हे माहं, हे तुहं." सगळे ठिपके संपेपर्यंत हाच खेळ. माझ्या सगळ्या वर्षात तेवढीच एक गोष्ट माझी होती, कोणी वाटा म्हणून दिलेली नव्हती.

मी दहा वर्षांची झाले त्या दिवाळीची गोष्ट. चतुर्दशीच्या आंघोळी चालल्या होत्या. शेजारच्या न्हाणीत दोन बाया मला घासत होत्या आणि आपसात बोलत होत्या.

"आयकलं का वं? सांधेवाल्याची बदली झाली म्हने. तिकडं खंडव्याकडं."

"कवा?"

"भाऊबीजीच्या सांजच्या गाडीनं निंगून राह्यले. पोट्टीले बी घेऊन."

मी डोळे उघडले. "कोन चाललं?"

"कोनी नाई बाई. डोये मीट, उटनं जाईन."

मी तशीच ओल्या केसांनी घरी पळाले. काकी चुलीपुढे करंज्या तळत होती. मी विचारलं. तिने झारा कढईत धरला आणि वर न पाहता म्हणाली, "कोनं सांगतलं तुले?"

"खरं हाय का नाई?"

"सनाच्या दिवशी रडू नाई."

"मी रडून नाई राह्यली. मले घेऊन चाल."

"नेतो ना. भाऊबीज तं होऊ दे."

"भाऊबीजीलेच गाडी हाय!"

"पाहू मंग," काकी म्हणाली आणि तिने कढईत आणखी करंज्या सोडल्या. आधीच्या जळत होत्या, त्या काढल्या नाहीत. तेव्हाच मला कळलं की ती नेणार नाही.

पाडव्याला देवळात ओळीत बसले असताना मी गावच्या सगळ्यात मोठ्या म्हाताऱ्याला विचारलं. याच्याच शब्दावर आम्हाला गावात ठेवलं होतं. आबाजी म्हणायचे सगळे त्याला. मी म्हटलं, आबाजी, मला उद्या स्टेशनावर धाडा, माझी बहीण चालली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात खरी माया होती.

"तुले काय कमी हाय इथं, पोरी? समदं गाव तुहं मायबाप हाय." आणि त्याने माझ्या हातावर बत्तासा ठेवला.

मायबाप दोन असले तर एखादी पोर त्यांची नजर चुकवून पळेल तरी. सारं गावच मायबाप असलं तर कुठल्या बाजूने पळायचं? मी तो बत्तासा खाल्ला नाही. देवळाच्या मागे जाऊन पायाखाली रगडला.

भाऊबीजेच्या सकाळी ताट घेऊन निघाले. एकेका घरी पाट मांडलेला, मुलगा टोपी घालून बसलेला. ओवाळायचं, ताटात सुपारी नाहीतर आणा पडायचा, बाई काहीतरी खायला लावायची. शेवटचं घर वेशीजवळ होतं. तिथून निघाले ती घराकडे वळलेच नाही. ताट मारुतीपुढे ठेवलं आणि जऊळक्याच्या वाटेला लागले.

फार लांब नाही गेले. समोरून एक बंडी आली. बंडीवाला शेजारच्या गावचा, मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्याने बैलांचे कासरे ओढले.

"अवं, तू ताग्याची पोट्टी ना? इकडं कुठी एकटी?"

"स्टेशनावर."

"चुकली वाटते. बस, सोडून देतो घरी."

"मी चुकली नाई!"

त्याने ऐकलंच नाही. खाली उतरला, मला उचलून बंडीत ठेवलं, खिशातला पेरू हातात दिला आणि स्वतःची वाट सोडून उलटा आमच्या गावाकडे निघाला. मी त्याच्या मनगटाला कचकन चावले. तो हसला. "भुकेली हाय बिचारी," म्हणाला आणि आणखी एक पेरू दिला. अशा माणसाचं काय करायचं? वेशीत त्याने मला एका बाईच्या हवाली केलं. तिने त्याला पाणी पाजलं, मला घरात नेऊन जेवायला वाढलं. "लेकरू भरकटलं होतं," असं तिने मोठ्या कौतुकाने साऱ्या आळीला सांगितलं.

मी ताटावर बसून विचार करत होते. तो बंडीवाला मला ओळखत नव्हता. त्याने परकर ओळखला होता.

जेवण झालं तशी मी परसाकडला म्हणून बाहेर पडले आणि तुरीच्या शेतात शिरले. तूर माझ्या डोक्यावरून गेलेली. तिथे उभी राहून मी परकर आणि पोलकं दोन्ही काढलं आणि उलटं करून घातलं. ते चीट एकाच बाजूने छापलेलं होतं. आतून नुसतं मळकट, फिक्कट, शिवणीचे दोरे लोंबत. ठिपके आत गेले, माझ्या अंगाशी.

आणि काय सांगू, मला कोणी थांबवलं नाही. वाटेवरच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. दोन बंड्या शेजारून गेल्या. एकानेही विचारलं नाही, तू कोणाची. त्या वाटेवर मी कोणाचीच नव्हते, आणि ते मला इतकं आवडलं की मी काही अंतर नुसती गाणं म्हणत पळाले. ऊन उतरत होतं. पायांना धूळ, केस सुटलेले, अंगावर घाम. मला वाटलं, गाडीतच बसेन. सांधेवाल्याच्या बायकोला म्हणेन, मला भांडी घासता येतात, मी खाते पण कमी.

स्टेशनाजवळ आले तेव्हा गाडी येऊन उभी होती. सणाची गर्दी. तारेच्या कुंपणाला एक छोटं फाटक, आणि फाटकात एक पागोटेवाला आपल्या गाठोड्यांवर बसून बायकामुलांना एकेक करून आत सोडत होता. तो काही रेल्वेचा माणूस नव्हता, आमच्यासारखाच प्रवासी. मी त्याच्या बाजूने घुसायला गेले. त्याने काठी आडवी धरली.

"ए, इकडून नाई. सनाचं बी सोडत नाई हे भिकारडे. गाठोड्याले हात नको लावू."

"माही बहीन हाय आत."

"असन, असन. जाय तिकडं."

मी कुंपणाच्या तारेशी धावले. आणि दिसली. डब्याच्या दाराशी सांधेवाला ट्रंक चढवत होता, त्याची बायको बाजूला उभी, तिच्या कडेवर बहीण. निळा परकर, पिवळे ठिपके. गावाने तिचा वाटा त्याही वर्षी पोचता केला होता. मी बहिणीच्या नावाने हाक मारली. गर्दीत ती पोचली, कारण बाईने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. आणि तिची नजर माझ्यावरून घसरून पुढे गेली, कोणीतरी ओळखीचं शोधत. बहिणीनेही पाहिलं. कुंपणाला लागून एक मळकी भिकारीण पोर ओरडत होती, एवढंच त्या दोघींना दिसलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिथेच, सगळ्या लोकांदेखत, पोलकं डोक्यावरून ओढलं. दहा वर्षांची पोर, पण मला लाज वगैरे काही वाटली नाही. घामाने ते अंगाला चिकटलेलं. बाह्या अडकल्या. डोकं कापडात, काही दिसत नाही, नुसती शिटी ऐकू आली. मी बाह्या ओढत होते आणि रडत होते आणि सगळ्यांना शिव्या देत होते, शिंप्याला, ताग्याला, गावाला. ठिपके बाहेर आणून मी पोलकं अंगात घातलं तेव्हा माझ्यासमोर शेवटचा डबा होता. मी दोन्ही हात वर करून उभी राहिले. त्या डब्यातल्या कोणा परक्या माणसाने मला हात केला.

मग काय विचारता. पोलकं सुलट झालेलं, ठिपके दिसलेले. फलाटावरच्या लोकांनी लगेच ओळखलं. "अरे, हे तं ताग्याची पोरगी!" कोणी पाणी दिलं, कोणी फुटाणे. मघाशी ह्याच लोकांच्या पायात मी वळवळत होते. थोड्या वेळाने तो सकाळचाच बंडीवाला शोधत आला. या वेळी गावानेच त्याला पाठवला होता. मनगटावर फडकं बांधलेलं.

"गाडी पाह्याले आलती का बाप्पा?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

घरी काकी ओसरीवर उभी होती. तिने मारलं नाही, विचारलं नाही. पाणी तापवून ठेवलेलं होतं. न्हाणीत नेऊन तिने माझे कपडे काढले आणि तिचा हात थांबला. माझ्या पोटावर, छातीवर निळा रंग उतरला होता, आणि त्यात मध्ये मध्ये ठिपक्यांच्या फिक्या जागा. परकर-पोलकं कसं घातलं होतं, ते तिला एका नजरेत कळलं. ती ते निळं घासायला लागली, आणि घासता घासता रडायला लागली.

"गेली का?"

"गेली."

"मले भेव होतं," काकी म्हणाली, "तू बी चढशीन म्हनून. चढली असती ना वं तू?"

मी म्हटलं, "नाई." ते खोटं होतं. तिलाही ठाऊक होतं. तिने मला ओल्याच अंगाने पोटाशी धरलं, इतकं घट्ट की मला श्वास घेता येईना, आणि मी तिला दूर लोटू शकले नाही. माझा राग तिथेच, तिच्या लुगड्यात, अडकून राहिला. पुढे तो कधी धड निघालाच नाही.

मग कोणाची खबर आली नाही. खंडव्याकडे आमचं कोण जाणार, आणि तिकडून कोण येणार? पण पुढच्या दिवाळीला शिंपी तागा घेऊन आमच्या ओसरीवर बसला, माझं माप घेतलं आणि काकीकडे पाहून म्हणाला, "लहानीचं काय करू?"

मला वाटलं, आता सुटलं. काकी म्हणाली, "तिचा वाटा हाय तो. काप."

"पन माप?"

काकीने मला उभं केलं. "तुह्या कुठवर येत होती ते दाखव याले."

मी कमरेच्या जरा वर हात ठेवला. शिंप्याने तिथपासून जमिनीपर्यंत दोरी धरली आणि त्या अंदाजाने परकर बेतला. शिवून झाला तेव्हा काकीने तो घडी करून पेटीत ठेवला, कोणी तिकडे गेलं तर धाडू म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि त्याच्या पुढच्या. पेटीत निळे परकर साचत गेले, प्रत्येक आधीच्याहून थोडा लांब. मला त्या मापाला उभं राहणं असह्य व्हायचं. पण मी राहायची. गावाने सोडला नाही तो वाटा मी कसा सोडू?

माझं लग्न ठरलं ती शेवटची दिवाळी. गावानेच स्थळ पाहिलं, गावातलंच. शिंपी आला. या वेळी मला परकर नव्हता, लुगड्यावरची चोळी होती. तिचं माप झालं, तरी त्याने दोरी गुंडाळली नाही. ती हातात धरून तो वाट पाहत राहिला. मी मनाशी हिशेब केला आणि हात छातीशी नेला.

काकी चूल सोडून आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझा हात मनगटापाशी धरला आणि बोटभर वर सरकवला.

"वाढली असन," ती म्हणाली.